भार उतरवावा की ठेवावा?

मराठी भाषेने 'भार' या शब्दाला मोठ्या प्रेमाने वागविले आहे. मदतीला आपण हातभार म्हणतो, अधिकाराला पदभार म्हणतो, आणि ज्याच्या नुसत्या येण्याने चार माणसे सावरून बसतात त्याला भारदस्त म्हणतो. कोणाचे आभार मानतो तेव्हाही त्याच्या उपकाराचे ओझे आपल्या शिरावर आहे, एवढेच मुळात आपण कबूल करीत असतो. आणि तरीही घरात कोणी आजारी पडले, कोणी वयाने थकले, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते भार काढून घेण्याचे. "आई, तुम्ही आता बसा. तुम्ही काही करायचे नाही." हे वाक्य प्रेमाचे आहे याविषयी आम्हांला शंका नाही. ते नेहमी हिताचे असते काय, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. आणि तो विचारताना नीतिशास्त्राच्या ग्रंथांआधी आपल्याच अंगातील हाडांकडे, स्नायूंकडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात शल्यविशारदांमध्ये यावरून उघड दोन तट पडले होते. लिव्हरपूल येथील ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे पिढीजात हाडवैद्यांच्या वेल्श घराण्यातले. वडिलांनी हाडे बसविली, मुलाने रीतसर वैद्यकीचे शिक्षण घेतले. दुखावलेल्या सांध्याला विश्रांती द्यावी, ती सक्तीची असावी, अखंड असावी आणि दीर्घकाळ असावी, हा त्यांचा आग्रह. त्यांनी बनविलेली पायाची लोखंडी चौकट पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी प्रचारात आणली आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण तिने वाचविले. त्याच काळात पॅरिसमध्ये ज्यूस्त ल्यूका-शांपियोनिएर (१८४३–१९१३) नेमके उलटे सांगत होते. मोडलेला अवयव फार काळ बांधून ठेवू नका, त्याला हळुवार चोळा, लवकर हलवा, नाहीतर हाड जुळेल पण हात कामातून जाईल, असे त्यांचे म्हणणे. थॉमस यांच्यापुढे प्रामुख्याने क्षयाने सडणारे सांधे होते. ल्यूका-शांपियोनिएर यांच्यापुढे मोडलेली मनगटे आणि घोटे होते. दोघेही आपापल्या रोग्यांच्या बाबतीत बरोबर होते. आपले रोगी हेच जगातले सगळे रोगी आहेत असे मानण्याची घाई दोघांनीही थोडीफार केली, आणि ती वैद्यकीबाहेरही बरीच आढळते.

पुढे जे कळले त्यावरून हाड म्हणजे घराच्या वाशासारखी निर्जीव वस्तू नव्हे, एवढे निश्चित झाले. १८६६ साली झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचे उभे छेद दाखविले. आतील जाळीदार हाडाच्या बारीक कांब्या तेथे कशाही विखुरलेल्या नव्हत्या. ठरावीक वळणांनी मांडून ठेवल्यासारख्या होत्या. पुलांचे गणित करणारे अभियंते कार्ल कुलमन यांनी ते छेद पाहिले, आणि ओझे उचलणाऱ्या यारीच्या वाकलेल्या दांड्यात ताण व दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळजवळ त्याच रेषा त्यांना हाडात दिसल्या. १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद यूलियस व्होल्फ यांनी त्यावरून नियमच मांडला: हाडावर येणारा भार बदलला की हाडाची आतली आणि बाहेरची घडण त्यानुसार बदलते. व्होल्फ यांचा गणिती काटेकोरपणा पुढे टिकला नाही. नियमाचा गाभा टिकला.

हे घडते कसे, ते आज बरेच उलगडले आहे. हाडात एक प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवीत असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड रचीत असतात. या दोघींना कोठे काम काढायचे हे सांगणाऱ्या तिसऱ्या पेशी हाडाच्या घट्ट अंगातच गाडलेल्या असतात आणि संख्येने सर्वांत अधिक असतात. त्यांचे केसाहून बारीक धागे सूक्ष्म नलिकांतून एकमेकींना भेटतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड किंचित वाकते, नलिकांतील द्रव हलतो, आणि त्या हालचालीची वार्ता या पेशींना लागते. वार्ता आली नाही तर त्या स्क्लेरोस्टिन नावाचे द्रव्य अधिक सोडतात आणि बांधकाम मंदावते. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांसाठी २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक औषध नेमके या द्रव्याला अडविते. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याच्या हाडाला औषधाने चालल्याचा निरोप धाडावा, असाच काहीसा तो प्रकार आहे.

भार मिळाला तर काय होते, याचे उदाहरण टेनिसपटूंच्या हातांत सापडते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या दंडातील हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जाड आढळली. माणूस एकच, अन्न एकच, रक्तही एकच. भेद फक्त कोणत्या हाताने चेंडू मारला एवढाच. भार गेला तर काय होते, ते अंतराळवीरांनी दाखविले. वजनहीन अवस्थेत खुब्याच्या हाडाची दरमहा एक ते दीड टक्का झीज होते. पृथ्वीवर वयस्क स्त्रीची तेवढी झीज व्हायला साधारण वर्ष लागते. म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर प्रत्येकाला दिवसातून सुमारे दोन तास व्यायामाच्या यंत्रांशी झुंजावे लागते. रशियन डॉक्टर व्हॅलेरी पोल्याकोव्ह जानेवारी १९९४ पासून सलग ४३७ दिवस 'मीर' स्थानकावर राहिले, तेथे नेमाने व्यायाम करीत राहिले आणि मार्च १९९५ मध्ये परतल्यावर यानापासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. ती चार पावले हा त्यांच्या मोहिमेचा एक मोठा निष्कर्ष होता.

अंतराळात जाण्याचा योग आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना येईल. पण अंथरूण हे घरातले अंतराळच आहे. कंबर धरली की आठवडाभर पडून राहावे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले; दोन दिवसवाल्यांच्या कामाचे दिवस कितीतरी कमी बुडाले, आणि बरे होण्यात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. टाचेमागच्या जाड कंडरेच्या जुनाट दुखण्यावरही आता विश्रांतीऐवजी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम देतात. स्वीडनमधील एका प्रसिद्ध अभ्यासात (१९९८) १५ धावपटूंनी तो दिवसातून दोनदा, बारा आठवडे केला, आणि ते सर्व पुन्हा धावू लागले.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की निष्कर्ष हाती आला: भार चांगला, दया वाईट. असा विचार करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. दुःखाने माणूस घडतो, कष्टाने हाडे पोलादी होतात, म्हणून कोणाचे ओझे कमी करण्याच्या भानगडीत पडू नये, असे ते म्हणतात. आणि खेदाची गोष्ट अशी की त्यांपैकी काही जण त्याला धर्माचाही आधार देतात. क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी शिमोन कुरेनेकर उभा आहे, याचा त्यांना विसर पडलेला असतो. पण धर्माकडे न जाताही, ज्या हाडांची साक्ष ते काढतात तीच हाडे त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात.

क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी १९८४ साली पक्ष्यांच्या पंखातील एका हाडावर प्रयोग केले. शस्त्रक्रियेने ते हाड रोजच्या वापरापासून वेगळे केले आणि यंत्राने त्यावर मोजून भार दिला. (मुक्या पक्ष्यांना यासाठी काय भोगावे लागले, हा निराळा नैतिक प्रश्न आहे आणि तो आम्ही क्षुल्लक मानीत नाही.) दिवसाला अवघे चार वेळा भार आला तरी हाड टिकून राहिले. छत्तीस वेळा आला तेव्हा ते वाढले. त्यापुढे आवर्तने शेकड्यांनी, अगदी अठराशेपर्यंत वाढविली, तरी अधिक लाभ झाला नाही. आमच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट याच मालिकेतील दुसऱ्या प्रयोगात आहे. तेथे भार एकदा ठेवला आणि ठरलेला वेळ तसाच राहू दिला. त्यात चढउतार नव्हता. ते हाड मुळीच भार न मिळालेल्या हाडासारखेच झिजले. येतो आणि जातो तो भार हाडाला कळतो. येऊन बसतो आणि उठतच नाही, तो त्याला कळेनासा होतो. पुढे उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की दिवसाच्या ३६० आवर्तनांचा भार एका बैठकीत देण्याऐवजी चार बैठकांत वाटून मध्ये विसावा दिला, तर हाड अधिक तयार होते. विसावा हा कामाचाच भाग ठरला.

अतिरेकाची कथा तर त्याहून जुनी आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांची सुजलेली, दुखरी पावले वर्णन केली. त्यांना कारण दिसू शकत नव्हते. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये उलगडा झाला: पावलाच्या लांबट हाडांना तडे गेलेले होते. एकाही पावलाने हाड मोडले नव्हते. हजारो पावलांनी, दुरुस्तीला उसंत न देता, ते मोडले होते. नवे हाड रचायला फार वेळ लागतो आणि जुने विरघळवायला त्याहून बराच कमी वेळ पुरतो. या मधल्या नाजूक काळात सेनापती थांबत नाही.

मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहून ज्यांची उमेद सरते, त्या हमालांना भाराचे गुण कोणी सांगू नयेत. त्यांच्या भाराला माप नव्हते, उसंत नव्हती, पोटात पुरेसे अन्न नव्हते, आणि आज नको म्हणण्याची सोय नव्हती. माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कामाचे नियमन, मजुरी आणि भविष्याची तरतूद यांचा तो कायदा आहे. पण हाडांच्या बाजूने पाहिले तर 'नको' म्हणण्याचे थोडे बळही त्याने दिले, असे म्हणता येईल.

हे 'नको' म्हणणे फार महत्त्वाचे आहे, आणि ते आम्हांला डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांच्या कामातून उमगते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करीत होता. रोगाने बोटे सडून गळतात, अशीच तोवरची समजूत. ब्रँड यांना दिसले ते निराळे. रोग नसांवर घाला घालून वेदना हिरावून नेतो, आणि मग रुग्ण रोजच्या साध्या कामांनी आपलेच हातपाय नकळत झिजवितो. अडकलेली किल्ली बोटाची कातडी फाटेपर्यंत तो पिळत राहतो, कारण थांब म्हणणारे आत कोणी उरलेले नसते. निरोगी माणूस लांब चालताना नकळत पावलाचा टेका बदलतो, थोडा लंगडतो, थांबतो. संवेदना गेलेला माणूस त्याच एका जागेवर तेच वजन तसेच टाकीत राहतो. पुढे अमेरिकेत कार्व्हिल येथे ब्रँड यांनी उंदरांच्या तळपायांवर यंत्राने माफक दाब रोज हजारो वेळा दिला. एका वेळचा दाब निरुपद्रवी होता, तरी काही दिवसांत तेथे जखमा झाल्या. आवर्तने कमी करून मध्ये विश्रांतीचे दिवस दिले, तेव्हा तीच कातडी जाड आणि कणखर झाली.

म्हणून भार किती असावा, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ते कोणी ठरवायचे? शरीराने तो अधिकार भार वाहणाऱ्या ऊतींच्या वेदनेकडे दिलेला आहे. बाहेरून कोणी कितीही शहाणा असो, मोजमाप आतूनच येते.

सायबेरियातील कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह (१९२१–१९९२) यांनी हे मोजमाप फार सूक्ष्मतेने साधले. महायुद्धानंतर न जुळलेली, आखूड राहिलेली हाडे घेऊन अनेक सैनिक त्यांच्याकडे येत. हाडातून बारीक तारा आरपार घालून त्या बाहेरच्या कड्यांना ताणून बसवायच्या आणि कडी दांड्यांनी जोडायची, अशी त्यांची रचना. मोडलेली टोके एकमेकांवर दाबावीत हा मूळ हेतू. असे सांगतात की एका रुग्णाने नट उलटा फिरविला, टोके जवळ येण्याऐवजी दूर गेली, आणि मधल्या फटीत नवे हाड उगवलेले दिसले. पुढील अनेक वर्षांच्या प्रयोगांतून त्यांनी गती निश्चित केली: दिवसाला एक मिलिमीटर, आणि तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड अकाली जुळून बसते आणि लांबी मिळत नाही. दोन मिलिमीटर ओढले तर हाड धड तयार होत नाही आणि भोवतीच्या नसा, स्नायूही दुखावतात. त्या पावभर अंतराच्या गतीने मात्र हाडाबरोबर स्नायू, रक्तवाहिन्या आणि त्वचाही वाढत जातात. शिवाय रुग्णाला अंथरुणावर ठेवायचे नाही. चौकटीसह पाय जमिनीवर टेकवून चालवायचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये (१९६४) उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारे व्हॅलेरी ब्रुमेल यांचा पाय १९६५ च्या मोटारसायकल अपघातात चिरडला होता. बऱ्याच अयशस्वी शस्त्रक्रियांनंतर ते इलिझारोव्ह यांच्याकडे आले आणि पुढे पुन्हा उडी मारू लागले. १९८० साली इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी कुर्गानहून बरे होऊन परतले, तेव्हा कोठे पश्चिमेकडील डॉक्टरांना या पद्धतीची ओळख झाली. आज आपल्याकडेही ही कडी बसवितात, आणि घरी गेल्यावर नट फिरविण्याचे काम बहुधा रुग्ण स्वतःच करतो.

तान्ह्या मुलाला बोलता येत नाही, तेथे काय करावे? जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांची पावले इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) हाताने हळुवार वळवून, दर आठवड्याला नवे प्लॅस्टर घालून, पाच-सहा प्लॅस्टरांत सरळ करीत; बहुतेकांत टाचेमागची कंडरा एकदा लहानशा छेदाने सोडवावी लागते, आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत विशेष बूट घालावे लागतात. मोठ्या शस्त्रक्रियांनी जी पावले सरळ पण ताठर होत, ती या पद्धतीने मऊ आणि चालती राहिली. बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत बळ हळू वापरावे आणि पुनःपुन्हा पाहावे, एवढे त्यातून घेता येते.

आता पुन्हा आपल्या घरांकडे वळू. आजींना उठू नका म्हणण्यात प्रेमाबरोबर आपली घाईही मिसळलेली असते, हे मान्य करायला हवे. न्हाणीघरापर्यंत चालत जायला त्यांना दहा मिनिटे लागतात. धरून नेले तर दोन मिनिटांत काम होते. ती आठ मिनिटे आपल्याला हवी असतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना आता शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी उभे करतात, कारण पडून राहिल्याने होणारी हानी डॉक्टर जाणतात. रुग्णालयात दोन माणसे धरून त्यांना चार पावले चालवितात, आणि घरी आल्यावर आपण त्यांच्यासाठी खाट मांडतो. बसल्या जागी वाल सोलायला दिले तर बोटांना काम होते, मनालाही होते. पायांना होत नाही. देवळापर्यंत रविवारी चालत जाण्याचा हट्ट धरणाऱ्या आजीला रिक्षात बसविण्याआधी तिच्या गुडघ्यांना काय म्हणायचे आहे ते तिलाच विचारावे. कधी ती चालेन म्हणेल, कधी नको म्हणेल, आणि दोन्ही वेळा तिचे ऐकावे लागेल.

आजींच्या हातून काढून घेतलेले काम हवेत विरत नाही, ही गोष्ट आम्हांला अधिक अस्वस्थ करते. ते सुनेकडे जाते. पहाटे पाणी, मग डबे, मग स्वतःची नोकरी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री आजींचे औषध. तिचा भार पक्ष्याच्या हाडावर ठेवून दिलेल्या वजनासारखा आहे. तो चढत नाही, उतरत नाही, फक्त असतो. त्याच छपराखाली एक बाई भार नाही म्हणून झिजते आणि दुसरी तो कधी उतरत नाही म्हणून. आजींना हाडांसाठी डॉक्टर गोळ्या लिहून देतात, सूनच त्या वेळेवर देते, आणि तिला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळते काय, हे त्या घरात अजून कोणी विचारलेले आम्ही ऐकले नाही.